एकाच खात्यावरच्या दोघी

मंगळवार, ४ मार्च

धाकटीस,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला टाकलं नसशील, असं धरून लिहिते. टाकलं असशील तर माझा वेळ गेला, तुझा वाचला. क्षेमकुशल विचारत नाही. तू न्हाणीघरात घसरलीस, खुब्याचं हाड मोडलं, त्यात सळई घातली आणि सहा आठवडे पाय टेकवायला बंदी आहे, हे सगळं तुझ्या मुलीकडून कळलं. तिने फोन केला होता. "मावशी, मी फोन केला ते आईला सांगू नकोस हं," असं दोनदा म्हणाली, म्हणून मुद्दाम सांगते आहे. आपल्या घरात लपवाछपवी पुरेशी झाली आहे.

तिचं म्हणणं असं, की आईला पडल्या पडल्या जाड पुस्तक धरवत नाही, छातीवर ठेवलं तर अक्षर दिसत नाही, आणि टीव्ही लावला की ती बातम्या देणारणीशी भांडते. "तुझ्या गावात मोठं दुकान आहे, इथे धड काही मिळत नाही. आईला ते पुस्तकं वाचायचं यंत्र घेऊन पाठवशील का? त्याला ई-रीडर म्हणतात." मी म्हटलं, काय म्हणतात ते मला माहीत आहे. मी निवृत्त झाले आहे, मेलेली नाही.

आज दुकानात गेले. काउंटरवर पंचविशीची एक चष्मेवाली होती.

"बोला आजी."

"आजी तुमच्या घरी. मला ई-रीडर दाखवा."

"वाय-फायवालं की सिमवालं?"

"वाचायचंवालं."

हसली नाही, पण चिडलीही नाही. तेवढे गुण तिला दिले. मग तिने नीट समजावलं. वाय-फायवालं यंत्र जिथे वाय-फाय असेल तिथेच जोडलं जातं, तिथेच नवं पुस्तक उतरवून घेतं. सिमवालं मोबाइलसारखं, रेंज असली की कुठेही चालतं, आणि त्याचं वेगळं बिल येत नाही.

"आणि कशालाच न जोडलेलं?"

"दोन्हींत जोडणी बंद ठेवता येते की. मग कॉम्प्युटरला वायर लावून पुस्तकं भरायची. पण भरणार कोण, काकू?"

आजीवरून काकूवर आली होती म्हणून मी जास्त ताणलं नाही. एवढंच विचारलं, "जोडलं की हे यंत्र काय काय सांगतं, आणि कोणाला?" मुलगी प्रामाणिक निघाली. कुठलं पुस्तक उघडलं, कितव्या पानावर आहोत, कुठल्या ओळीखाली रेघ मारली, सगळं कंपनीकडे जातं म्हणे. "सोयीसाठी असतं, काकू."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. आपल्या कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलातली मदर आठवते? आलेलं प्रत्येक पत्र आधी ती फोडायची आणि नको त्या ओळीवर शाई फासून मग आपल्या हातात द्यायची. बाबांनी लिहिलेलं 'मांजरीला तीन पिल्लं झाली' हे वाक्यसुद्धा तिने काळं केलं होतं. तीही सोयीसाठीच म्हणायची. आता तीच मदर प्लास्टिकच्या पाटीत बसवून विकतात, आणि आपण रांग लावून ती घेतो.

तरी शेवटी मी सिमवालंच घेतलं, आणि का घेतलं ते ऐक. दुकानातूनच तुझ्या इस्पितळात फोन लावला. तिथल्या बाईने सांगितलं, वाय-फाय आहे, पण ते ऑफिसपुरतं आणि डॉक्टरांपुरतं. तिसऱ्या मजल्यावर हाडांच्या वॉर्डात पोचत नाही. मोबाइलची रेंज मात्र येते. म्हणजे वाय-फायवालं पाठवलं असतं तर एक पुस्तक संपल्यावर तू पुन्हा त्या बातम्या देणारणीच्या तावडीत सापडली असतीस. तुझ्याबद्दल मला काहीही वाटत असो, तेवढं वाईट मी कोणाचं चिंतत नाही.

एक माझ्यासाठीही घेतलं. छापील अक्षर आता मला नाकाला लावून वाचावं लागतं. यात म्हणे अक्षर हवं तेवढं मोठं होतं. माझं मात्र वाय-फायवालं. चष्मेवालीने विचारलं, "घरी वाय-फाय आहे ना?" मी म्हटलं, "नाही. म्हणून तर ते घेते आहे." तिने बिलावर 'वाय-फाय' लिहून त्याखाली दोनदा रेघ मारली.

मग तिला खातं उघडायचं होतं. तुझं नाव, तुझा मोबाइल, तुझी जन्मतारीख. मी साफ नाही म्हटलं. माझ्या बहिणीची खरी जन्मतारीख लग्नात तिच्या नवऱ्यालाही सांगितली नव्हती, ती मी कंपनीला देऊ?

"मग दोन्ही यंत्रं तुमच्याच खात्यावर टाकू का?"

"टाका."

"पण काकू, तसं केलं की दोघींना..."

"टाका म्हणते ना."

टाकलं. दोघींच्या यंत्रांत एकच पुस्तक भरून घेतलं: सहाशे पानांची कादंबरी, एका बोटीचा कप्तान आणि दोन बंदरांतली त्याची दोन कुटुंबं. सहा आठवडे पुरेल. पार्सल उद्या निघेल. आभाराचं पत्र पाठवायची तसदी घेऊ नकोस.

तुझी थोरली बहीण


मंगळवार, ११ मार्च

धाकटीस,

पार्सल पोचलं, असं तुझी मुलगी म्हणाली. आईने खोकं उघडलं, यंत्र उलटंपालटं करून पाहिलं आणि "हिला कोणी सांगितलं होतं?" एवढंच विचारलं म्हणे. ठीक आहे. चाळीस वर्षांत तू माझ्याविषयी काढलेल्या उद्गारांत हा सौम्यच म्हणायला हवा.

तुझं यंत्र बरं चालत असावं. माझं नादुरुस्त आहे. इथे पालिकेचं वाचनालय आहे, तिथे वाय-फाय फुकट असतं. काल तिथे बसून कप्तानाचं पुस्तक उघडलं. घरी वाचून मी अठराव्या पानावर पोचले होते. मोठं अक्षर, सावकाश वाचन, कोणाची घाई नाही. तर यंत्राने पानावर चौकट आणली: 'दुसऱ्या उपकरणावर सर्वात पुढे वाचलेलं पान ६१. तिथे जायचं का?'

नाही जायचं! मी अठरावर आहे हे मला माहीत आहे. माझं मला माहीत असलेलं मलाच खोटं पाडणारी यंत्रं मी नोकरीत पुष्कळ पाहिली. शिवाय पुढे चाळलं तर काही पानांच्या कडेला बारीक आकडे दिसतात, तो छपाईचा दोष असावा. उद्या दुकानात जाऊन चष्मेवालीला चांगली फैलावर घेते.

वाचनालयात खिडकीशेजारी एक निवृत्त बँकवाले बसतात. त्यांनी विचारलं, "बाई, काय झालं? एवढ्या संतापलात का?" मी म्हटलं, यंत्र माझ्या पुढे वाचतंय. ते म्हणाले, "माझी बायकोही तसंच करायची." मग वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. ते धरलेलं उलटं होतं.

थोरली


सोमवार, १७ मार्च

प्रिय धाकटीस,

यंत्रात काही बिघाड नाही. चष्मेवालीने तपासलं. तो विषय संपला.

वाचनालयात मी आता रोज दहाला जाते. तिथलं पाणी थंड असतं. खुर्च्याही बऱ्या आहेत. बँकवाले माझ्यासाठी खिडकीची खुर्ची धरून ठेवतात आणि धरून ठेवली नाही असं दाखवतात.

तू दुपारी बरंच वाचत असशील, नाही? सकाळी ड्रेसिंग, व्यायाम आणि डॉक्टरांची फेरी, त्यामुळे सकाळी जमत नसणार. शुक्रवारी तुझ्याकडे कोणी भेटायला आलं असणार, कारण पाहुणे आले की माणसाचं वाचन होतच नाही. शनिवार-रविवारी ते भरून निघतं. हे मी आपलं एकंदरीत म्हणते.

कप्तानाची दुसरी बायको मला पहिलीपेक्षा आवडते. पहिली नुसती रडते. तुला काय वाटतं? उत्तर द्यायलाच हवं असं नाही.

कालपासून मी जरा भरभर वाचते आहे. मागे पडलेलं मला आवडत नाही, हे तुला माहीत आहे.

थोरली


सोमवार, २४ मार्च

प्रिय धाकटीस,

आज सकाळी अकरा वाजता मी तुझ्या मुलीला ऑफिसात फोन केला. तिने सांगितलंच असेल. फोनवर मी जरा आरडाओरडा केला. तो तिच्यावर नव्हता. तिला तसं सांग.

ती म्हणाली, गुरुवारी तुला थंडी वाजून ताप भरला, टाके घातले होते तिथे पू झाला, तुला खालच्या मजल्यावर हलवलं, आणि शुक्रवार-शनिवार डॉक्टर नीट काही बोलेनात. काल पहाटे घाम येऊन ताप उतरला. आज सकाळी तू नर्सला म्हणालीस, "ही चादर अंथरली आहे की फेकली आहे?" हे ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला. तू स्वतः तीस वर्षं नर्स होतीस. दुसऱ्या नर्सला टाकून बोलायला लागलीस, म्हणजे आता काही होत नाही. मी वाचनालयाच्या पायऱ्यांवरच बसले. बँकवाल्यांनी पाणी आणून दिलं. मी त्यांच्या देखत रडले, हे तुला सांगून टाकते, कारण ते कोणालातरी सांगतीलच.

मग तुझ्या मुलीने विचारलं, "पण मावशी, मी तर तुला काहीच कळवलं नव्हतं. तू काळजी करशील म्हणून मुद्दाम नाही कळवलं. तुला कसं कळलं, आईचं काहीतरी बिनसलंय?"

मी म्हटलं, असंच वाटलं. ती म्हणाली, "बहिणी-बहिणींचं असतं असं काहीतरी." मी फोन ठेवला. तिच्या भाबडेपणाची मला लाज वाटली. म्हणजे माझी वाटली.

खरं ते असं. आपली दोन्ही यंत्रं एका खात्यावर आहेत, आणि एका खात्यावर असली की एकीने वाचलेलं पान दुसरीच्या यंत्रावर कळतं. चष्मेवाली पहिल्याच दिवशी हेच सांगायला निघाली होती, आणि मी तिला बोलू दिलं नाही. तुझी जन्मतारीख वाचवण्याच्या नादात मी तुझ्या उशाशी येऊन बसले. बारा तारखेपासून मला हे माहीत आहे. चष्मेवाली म्हणाली, "दोन मिनिटांचं काम आहे, वेगळी करून देऊ?" मी म्हटलं, आज घाई आहे. कसली घाई होती? घरी जाऊन दोन भांडी घासायची होती.

तेव्हापासून रोज दहा वाजता मी तुझं पान बघते. ६१, ९४, १२०, १५८. थंड पाण्याची गोष्ट खोटी. तिथलं पाणी कोमट असतं. आकडा वाढलेला दिसला की घरी जाऊन पोटभर जेवायची. बुधवारी तू २३१ वर होतीस. गुरुवारी २३१. शुक्रवारी २३१. मी स्वतःला सांगितलं, पुस्तक कंटाळवाणं झालंय. शनिवारी २३१. रविवारी वाचनालय बंद असतं, तरी मी जाऊन आले आणि दार हलवून पाहिलं. आज पुन्हा २३१ दिसलं आणि माझ्याने राहवलं नाही.

मदरला नावं ठेवणारी मी. निदान ती पत्रं उघड उघड फोडायची.

एवढं लिहून आज थांबते. पुढचं लिहायला नीट अक्षर हवं.


मंगळवार, २५ मार्च
(तेच पत्र पुढे)

मी फोन ऑपरेटर होते, आणि आमच्या खात्याचा पहिला नियम काय होता ते तुला माहीत आहे, कारण तो मी बाबांच्या घरी जेवताना ताटावर बसून शंभरदा ऐकवला असेल. ट्रंक कॉल जोडायचा, दोन्ही बाजूंना "बोला" म्हणायचं आणि ऐकायची कळ वर करायची. मग तिकडे काहीही बोलोत, आपल्याला ऐकू येता कामा नये. तीन मिनिटं झाली की पुन्हा कळ खाली, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?", की लगेच वर. मागे सुपरवायझर फिरत असायची. कळ खाली राहिलेली दिसली तर बोटांवर पट्टी बसल्यासारखं बोलायची. पुढे मी स्वतः सुपरवायझर झाले आणि तिच्यापेक्षा वाईट बोलले.

त्या दिवशी पोस्टातल्या बूथवरून ट्रंक कॉल आला. माझ्याच बोर्डावर. "हॅलो" म्हटल्याबरोबर तुझा आवाज ओळखला. तू मोठ्या शहरातल्या एजंटाचा नंबर मागितलास. मी जोडून दिला, "बोला" म्हटलं, आणि कळ वर केली नाही.

तू म्हणालीस, "हो, नोकरी घेते. पंधरा तारखेला निघते. घरी सांगितलं नाही अजून. सांगितलं तर जाता यायचं नाही." सत्तावीस वर्षांची होतीस. परदेशातल्या इस्पितळात नर्सची नोकरी. तुझा आवाज एवढा आनंदी मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही.

तीन मिनिटं झाल्यावर मी तेही सांगितलं, ऑफिसच्या आवाजात. तू म्हणालीस, "वाढवा." मी वाढवली आणि ऐकत राहिले.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते दुरुस्तीला आलेलं घड्याळ उघडून बसले होते, डोळ्याला भिंग. भिंग काढलं नाही त्यांनी. "बरं," म्हणाले. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी तू स्वयंपाकघरात आलीस तर त्यांनी "जा, मी बघेन माझं" असं म्हटलं, आणि ते ज्या आवाजात म्हटलं त्यानंतर तू कुठे जाणार होतीस? सहा वर्षं त्यांचं सगळं केलंस, अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत. मग लग्न करून दुसऱ्या गावी गेलीस आणि माझ्याशी समारंभापुरतं बोलू लागलीस.

तू मला एकदाच विचारलं होतंस. जिन्यात. "ताई, तू ऐकलंस का?" आणि मी म्हटलं, "आम्ही ऐकत नाही. कळ वर असते. नियम आहे." वर नाक फुगवून असंही म्हटलं, की माझ्या नोकरीवर संशय घेतेस याचं मला वाईट वाटतं.

मी ऐकलं होतं. मीच सांगितलं.

एवढं लिहून थांबता आलं असतं, आणि बाबांच्या काळजीपोटी सांगितलं असं तू समजली असतीस. चाळीस वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. तसं नव्हतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं, दोन खोल्यांचा संसार, यांची आणि माझी पाळी जेमतेम जुळायची. तू गेली असतीस तर एकटे उरलेले बाबा माझ्या गळ्यात पडले असते. कळ खाली धरून मी हा हिशेब केला. तीन मिनिटांत नाही, त्याच्याही आत. बहिणीचा आनंद कानात वाजत होता आणि मी मनात खाट कुठे मांडावी लागेल ते बघत होते.

आता झालं लिहून. माफ कर असं लिहीत नाही, कारण ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागतं. एकच सांगते: पुढच्या बुधवारी, दोन तारखेला, मी दुकानात जाऊन खाती वेगळी करून घेणार आहे. तोवर तुझं पान बघणार नाही. वाचनालयात जाणार नाही. तुझी लाइन पुन्हा एकदा न विचारता ऐकली. निदान या वेळी मी होऊन कळ वर करते.

तब्येतीला जप. चादर नीट घालून घे.

तुझी ताई


बुधवार, २ एप्रिल

बुटके,

चाळीस वर्षांनी या नावाने हाक मारते आहे, आणि तीही संतापाने. तू समोर असतीस तर तुझ्या धडक्या पायावर चापट मारली असती.

आज सकाळी यंत्र पिशवीत घातलं आणि दुकानात गेले. चष्मेवालीला म्हटलं, बाई, वेगळं करून टाका एकदाचं. तिने दुकानाच्या वाय-फायवर यंत्र जोडलं, पुस्तक उघडलं आणि म्हणाली, "काकू, यातल्या टिपा ठेवायच्या का? खातं वेगळं केलं की जातील."

"कसल्या टिपा?"

"या काय, पानांच्या कडेला आकडे आहेत ना. त्यावर बोट ठेवलं की उघडतात. आठ आहेत." मग तिने एक उघडली, अर्धी वाचली आणि यंत्र माझ्या हातात दिलं.

छपाईचा दोष! मी ज्याला तीन आठवडे छपाईचा दोष म्हणत होते ते तुझं बोलणं होतं. एकेक अक्षर बोटाने दाबून, एकही स्वल्पविराम नाही, पूर्णविरामही क्वचितच.

पान ४०: 'हे पुस्तक ताईने निवडलंय म्हणजे शिक्षा म्हणूनच'.

पान ६१: 'माझं यंत्र म्हणतंय दुसरीकडे पान १८ कोण आहे ते कळलं अजून तशीच गोगलगाय'.

म्हणजे तुलाही दिसत होतं! पहिल्या आठवड्यापासून! मी चोरून बघते म्हणून स्वतःला शिव्या देत होते, आणि तू तिकडे पडल्या पडल्या माझी पानं मोजत होतीस.

पान ९४: 'ताई तुझ्या यंत्रात टिपा दिसतात ना की बंद करून ठेवल्यास उत्तर तरी दे'. पान १२०: 'देऊ नकोस उत्तर'. पान १५८: 'दुसरी बायको बरी आहे पहिलीला नुसतं रडता येतं'. ही तू कधी लिहिलीस? माझ्या पत्राच्या आधी की नंतर? मला कळायलाच हवं. पान २३१ वर नुसतं 'थंडी वाजते', आणि ते वाचून मी काउंटरला धरून उभी राहिले, ताप उतरून दहा दिवस झाले आहेत हे माहीत असूनही. चष्मेवालीने स्टूल दिलं. एकदाही आजी म्हणाली नाही.

मग पान २३२. तारीख परवाची. पत्र तुझ्या हातात पडल्यानंतरची. ती सगळी टीप मी इथे उतरवून काढते, कारण यंत्रावर माझा अजून विश्वास नाही.

'ताई पत्र आलं सगळं वाचलं दोनदा. मला तेव्हाच माहीत होतं तीन मिनिटं झाली म्हणालीस तेव्हा तुझा आवाज फाटला होता. मी वाढवा म्हणाले ते तुला म्हणाले. वाटलं घरी येऊन माझ्याशी बोलशील. तू बाबांकडे गेलीस. त्याचा राग दोनतीन वर्षं होता मग गेला बाबांचं मला करायचंच होतं ते तुझ्या हातून नसतं झालं तू त्यांना औषधाबरोबर बोलणी पण पाजली असतीस. जिन्यात ऐकलं नाही म्हणालीस तो राग गेला नाही. वाट बघत होते. आता गेला. इतकं काय अवघड होतं गं'.

काय अवघड होतं म्हणे!

म्हणजे इतकी वर्षं तुला माहीत होतं. आणि मी इतकी वर्षं प्रत्येक लग्नात तुझ्यासमोर आले की घाम पुसायची, तुझी नजर चुकवायची, आहेर देऊन जेवायच्या आधी निघायची. लोक म्हणायचे, थोरलीला केवढा ताठा! ताठा कसला, भीती होती. तुला एक शब्द टाकता आला नसता? "ताई, मला ठाऊक आहे," एवढंच? चार शब्द! तू त्या आठ टिपांत किती खर्च केलेस ते मोज.

मी हे स्टुलावर बसून मोठ्याने म्हटलं असावं, कारण दुकानातलं एक गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. चष्मेवालीने विचारलं, "मग काकू, वेगळी करायची ना खाती?"

मी म्हटलं, "आता कशाला?"

"पण तुम्हीच म्हणालात..."

"मी पुष्कळ म्हणते. तुम्ही ऐकलं नाहीत तर चालेल."

आणि मग तिने मला टीप कशी लिहायची ते शिकवलं, दोन वेळा, न चिडता. एका अक्षराला मला अर्धा मिनिट लागतं. एवढ्यात जमलं ते एवढंच: 'वाचलं'. तुला पोचलं असेल. बाकीचं कागदावर लिहिते आहे, दुकानाशेजारच्या चहावाल्याच्या बाकावर बसून. बरं वाटतंय, बुटके. किती बरं वाटतंय ते लिहायला गेले तर तू हसशील. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा चहा गोड लागला. साखर जास्त असेल म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "नेहमीचाच आहे, बाई."

आता शेवटची टीप. पान ५९८ वर. मधली पानं गाळून तू थेट शेवट गाठलास तर! मी अजून २४० वर, आणि बोट फिरलं म्हणून ती उघडली गेली: 'कप्तान बुडत नाही दोन्ही बायका मिळून त्याला घराबाहेर काढतात आणि एकत्र राहतात. तू माझं फोडलंस मी तुझं फोडलं. फिट्टंफाट'.

साडेतीनशे पानं शिल्लक होती माझी! नीच आहेस. लहानपणी होतीस तेवढीच आहेस. पुढचं पुस्तक मी निवडणार नाही, तू निवड. सिम तुझ्याकडे आहे. पण शेवट सांगितलास तर यंत्र परत मागेन.

शनिवारी सकाळच्या बसने येते आहे. मुलीला स्टँडवर पाठवू नकोस. ती रजा घेईल आणि वर मावशी-मावशी करत रडेल. वॉर्ड मला माहीत आहे, लिफ्ट बंद असली तर जिना चढेन. पहिला अर्धा तास मी भांडणार आहे, मध्ये बोलू देणार नाही, तेव्हा दुपारच्या गोळ्या त्याआधी घेऊन ठेव. नर्सला सांग, पलंगाशेजारी खुर्ची लागेल. पाठीची हवी. मी आठ दिवस राहणार आहे.

ताई